थांबू शकणारा कारखाना : विक्रोळीतील गोदरेजचा अवकाश विभाग

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन श्रीहरिकोट्याहून जे एलव्हीएम-३ रॉकेट उडाले, त्याच्या मधल्या टप्प्यात दोन ‘विकास’ इंजिने होती आणि त्याच्या वरच्या टप्प्यात सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन होते. या इंजिनांच्या घडणीत मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीचा मोठा वाटा आहे. चंद्रावर यान उतरले तेव्हा वर्तमानपत्रांनी एकच नवल सांगितले, ते म्हणजे आपल्या घरातले कपाट ज्यांनी केले त्यांनीच रॉकेटचे इंजिनही केले. हे नवल ऐकायला छान असले तरी संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याने त्यावर फार वेळ घालवू नये, कारण कुलूप, तिजोरी आणि इंजिन यांच्यातले नाते तसे सरळ आहे. खरा प्रश्न हिशेबाचा आहे. वर्षाला मोजके नग लागणाऱ्या वस्तूसाठी यंत्रे, मोजमापाची साधने आणि कसलेली माणसे तीन-चार दशके टिकवून ठेवणे एका खासगी घराण्याला परवडले कसे? या लेखाचे म्हणणे असे, की विक्रोळीने देशाच्या अवकाश कार्यक्रमाला कौशल्य दिलेच, पण त्याहून दुर्मीळ अशी थांबण्याची ताकद दिली, आणि ती ताकद मालकीच्या स्वरूपातून आली. हे म्हणणे पुराव्याने तपासायला हवे आणि त्यावरचे आक्षेपही मोकळेपणाने घ्यायला हवेत.

सुरुवात कुलपापासून करावी लागते. वकिली सोडलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागच्या गॅस वर्क्सशेजारच्या एका छोट्या शेडमध्ये कुलपे करायला घेतली. तरफांचे कुलूप उघडून पाहिले की या धंद्याचा स्वभाव कळतो. आत पितळी पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, आणि किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतो. पट्टी जरा कमी उचलली तर कुलूप उघडत नाही आणि जरा जास्त उचलली तरीही उघडत नाही. ‘जवळपास बरोबर’ या शब्दांना इथे जागाच नाही. जे माप इतर धंद्यांत हौस ठरेल, ते या धंद्यात मालाची पहिली अट होते. कुलपापाठोपाठ तिजोऱ्या आल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट होऊन भोवतालचा भाग जळाला, तेव्हा गोदरेजच्या तिजोऱ्यांतील कागदपत्रे आणि ऐवज शाबूत निघाला. तिजोरीवर लिहिलेल्या शब्दांपेक्षा तिच्या दाराची फट किती नेमकी आहे यावर हे अवलंबून होते, हे त्या दिवशी गिऱ्हाइकाला कळले.

अर्देशिर यांचे बंधू पिरोजशा यांनी १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन घेतली, आणि लालबागचा कारखाना हळूहळू खाडीकाठच्या या मोकळ्या माळावर आला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागलेल्या मतपेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या याच विक्रोळीत अवघ्या काही महिन्यांत तयार झाल्या. त्यांचे कुलूप बाहेर लावणे खर्चिक ठरत होते, म्हणून ते आतच बसवण्याची युक्ती कारखान्यातल्याच एका कामगाराला सुचली. पुढे १९५५ मध्ये पिरोजशा यांचे पुत्र नवल गोदरेज यांच्या पुढाकाराने भारतीय बनावटीचा टाइपरायटर आला. टाइपरायटर म्हणजे शेकडो लहान भागांचा एकमेकांशी होणारा तंटा. एक तरफ वाकडी असली तर एक अक्षर ओळीच्या वर बसते आणि ते कागदावर सगळ्यांना दिसते. अशा वस्तूंसाठी कारखान्याला स्वतःची टूलरूम लागे. डाय, जिग आणि फिक्स्चर बाहेरून आणण्यापेक्षा घरी घडवणे हा इथला शिरस्ता झाला. आजोबांनी, मग वडिलांनी, मग मुलाने त्याच आवारात फिटर, टर्नर किंवा मिलर म्हणून काम करणे, पिरोजशानगरच्या वसाहतीत राहणे आणि उदयाचल शाळेत शिकणे, असे धागे त्यातून विणले गेले. यंत्र विकत घेता येते, पण मायक्रोमीटर किती दाबाने फिरवायचा हे हाताला शिकवायला दहा वर्षे लागतात. ती दहा वर्षे टूलरूममध्ये आधीच भरली गेली होती.

अवकाश कार्यक्रमाची बाजूही याच काळात हळूहळू तयार होत होती. १९७४ मध्ये भारत आणि फ्रान्स यांच्यात वायकिंग इंजिनाचा करार झाला. भारताने त्या ज्ञानासाठी पैसे मोजले नाहीत. आपल्या अभियंत्यांचे श्रम आणि दाबमापक यंत्रे फ्रेंच प्रकल्पाला दिली, आणि बदल्यात इंजिनाचे आराखडे व अनुभव घेतला. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखालील तुकडी फ्रान्समधील वेर्नों येथे राबली. त्या इंजिनाची भारतीय आवृत्ती म्हणजे ‘विकास’, आणि तिची पहिली चाचणी १९८५ मध्ये वेर्नोंतच झाली. याच सुमारास गोदरेज आणि इस्रो यांचे नाते सुरू झाले. पण ‘विकास’ इंजिन लागणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटचे पहिले उड्डाण १९९३ मध्ये झाले आणि तेही अयशस्वी ठरले. पहिले यश १५ ऑक्टोबर १९९४ रोजी मिळाले. म्हणजे करारापासून फळ दिसेपर्यंत वीस वर्षे गेली. ज्या धंद्याचे गिऱ्हाईकच वीस वर्षांच्या हिशेबाने चालते, त्याला माल पुरवणाऱ्याचाही हिशेब तेवढाच लांब असावा लागतो.

या कामाची शिस्त कशी असते, ते जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण सगळा खर्च तिथेच होतो. इंजिनाचा एखादा भाग लेथवर चढतो तेव्हा त्याच्याबरोबर कागदांची थप्पी चालते. धातू कोणत्या ओतीचा, त्याचे रासायनिक विश्लेषण काय, कोणत्या यंत्रावर कोणी काम केले, वेल्डरचा परवाना कधीपर्यंत आहे, क्ष-किरण तपासणीत काय दिसले, हे सर्व नगाच्या क्रमांकासह जपायचे. जॉब पूर्ण झाल्यावर त्याच्या कडांवरची बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कोर, काढायची, कारण नजरेला न दिसणारा धातूचा एक कण सुटून झडपेत अडकला तर पुढचे सांगायला नको. एखाद्या टप्प्यात कापण्याची पद्धत बदलायची असेल तर गिऱ्हाइकाची परवानगी घ्यावी लागते, मग नवी पद्धत कितीही चांगली असो. बाहेरच्या माणसाला हा कागदी कारभार वाटतो. १० जुलै २००६ रोजी जीएसएलव्ही-एफ०२ उड्डाणानंतर मिनिटभरात कोसळले, तेव्हा त्याचा अर्थ कळला. चारपैकी एका द्रव इंधनाच्या बूस्टरचा रेटा उडतानाच गेला होता. चौकशीत दोष एका प्रोपेलंट रेग्युलेटरपर्यंत पोहोचला. बंद अवस्थेतही तो ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह सोडत होता, आणि घडणीत नकळत झालेली ही चूक पुढच्या तपासणीतून निसटली होती. तो भाग कोणत्या कारखान्यातला होता हा इथला प्रश्न नाही. धडा सगळ्या पुरवठादारांना सारखाच होता: एका भागातली किंचित चूक संपूर्ण रॉकेट आणि उपग्रह घेऊन जाते.

क्रायोजेनिक इंजिनात तर अचूकतेची व्याख्याच बदलते. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला असतो, तर शेजारच्या टर्बाइनवर तापलेला वायू आदळत असतो. विक्रोळीच्या गारेगार मोजमाप कक्षात वीस अंशांवर जे अंतर बरोबर भरते, ते उणे अडीचशे अंशांवर उरतेच असे नाही, कारण प्रत्येक धातू आपापल्या प्रमाणात आकसतो. १५ एप्रिल २०१० रोजी जीएसएलव्ही-डी३ उड्डाणात भारतीय क्रायोजेनिक इंजिन पेटले. पण इंधन पुढे ढकलणारा बूस्टर पंप मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेऱ्यांचा वेग गाठून काही क्षणांत थांबला. सीलपाशी भाग एकमेकांत अडकले असावेत किंवा आवरण फुटले असावे, अशा शक्यता चौकशीने मांडल्या. थंडीत भाग किती आकसतात याचा नव्याने हिशेब करून पंपात सुधारणा झाल्या, आणि ५ जानेवारी २०१४ रोजी डी५ यशस्वी झाले. मधल्या पावणेचार वर्षांत या इंजिनाचे एकही उड्डाण झाले नाही. तरीही ज्यांनी हे भाग घडवायचे होते, त्या कारखान्यांत यंत्रे गंजू द्यायची नव्हती आणि माणसे दुसरीकडे जाऊ द्यायची नव्हती.

आता हिशेब मांडू. पीएसएलव्हीच्या प्रत्येक उड्डाणाला एक विकास इंजिन लागते, जीएसएलव्हीला पाच आणि एलव्हीएम-३ ला दोन. १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्हीचे साठावे उड्डाण झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जीएसएलव्हीचे सोळावे. आणि तोवर एलव्हीएम-३ ची, २०१४ चे प्रायोगिक उड्डाण धरून, सात उड्डाणे झाली होती. बेरीज केली तर तीस वर्षांत उडालेली इंजिने दीडशेच्या आसपास भरतात. चाचण्यांसाठी लागलेली इंजिने वेगळी, तरी वर्षाला सरासरी पाच, आणि तीही गोदरेज व हैदराबादची एमटीएआर अशा दोन पुरवठादारांत विभागलेली. ज्या आवारातून कधीकाळी काही महिन्यांत बारा लाख मतपेट्या बाहेर पडल्या, त्याच आवारात वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील अशी इंजिने घडवायची! मोठ्या संख्येत यंत्राची किंमत वाटली जाते. इथे वाटायला संख्याच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी एचएएल आणि एल अँड टी या कंपन्यांना पाच पीएसएलव्ही बांधण्याचे ८६० कोटींचे कंत्राट मिळाले, तेव्हा ती मोठी झेप मानली गेली; पण इंजिनांच्या भाषेत पाच रॉकेटे म्हणजे पाच विकास इंजिने.

हा तोट्याचा वाटणारा हिशेब विक्रोळीला जमला, याची दोन कारणे दिसतात. पहिले असे की अवकाश विभागाला एकट्याला स्वतःचे पोट भरायचे नव्हते. कुलपे, कपाटे, फ्रीज, फर्निचर, तिजोऱ्या आणि अवजड यंत्रे यांच्या धंद्यातून येणारा पैसा घराचे छप्पर शाबूत ठेवत होता. टूलरूमची माणसेही सगळ्या विभागांची होती, त्यामुळे इंजिनाचे काम नसले तर त्यांच्या हाताला दुसरे काम मिळत असे. दुसरे कारण मालकीचे. गोदरेज अँड बॉइस शेअर बाजारात नोंदलेली नाही. तिची मालकी घराण्याकडे आहे आणि समभागांचा मोठा हिस्सा कौटुंबिक धर्मादाय न्यासाकडे आहे. दर तिमाहीला विश्लेषकांपुढे उभे राहून ‘हा विभाग अजून का ठेवला?’ याचे उत्तर देण्याची पाळी तिच्यावर येत नाही. बाजारात नोंदलेली कंपनी वाईट असते असे नाही, पण तिच्या घड्याळाला काटे वेगळे असतात. वर्षाला पाच इंजिनांचा धंदा तिमाहीच्या घड्याळावर चालवणे म्हणजे आंब्याची कलमे भाजीच्या वाफ्याच्या हिशेबाने लावण्यासारखे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की थांबण्याची ताकद सरकारी कारखान्यांकडेही असते, मग घराण्याचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप योग्य आहे. एचएएलने क्रायोजेनिक टाक्या आणि रॉकेटच्या सांगाड्यांचे काम वर्षानुवर्षे केले आहे, आणि इस्रो स्वतः सरकारी शिस्तीतच मोठी झाली आहे. शिवाय एमटीएआर २०२१ मध्ये शेअर बाजारात गेली आणि तरीही हेच काम करते. म्हणून दावा असा करता येत नाही की थांबणे फक्त घराण्यालाच जमते. दावा एवढाच आहे, की खासगी क्षेत्रात, जिथे पैसा नेहमीच घाईत असतो, तिथे थांबण्याची मुभा मालकाच्या मर्जीवर असते, आणि ती मर्जी पिढ्यांच्या हिशेबाने चालली तरच टिकते. एमटीएआरही १९७० मध्ये काही मोजक्या उद्योजकांच्या कौटुंबिक धाटणीच्या कारखान्यातूनच उभी राहिली आणि बाजारात जाण्याआधी तिने पन्नास वर्षे काढली. पाया घालण्याचा काळ दोन्ही ठिकाणी घरच्या पैशावर निघाला, हा योगायोग मानणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. घराण्याची मालकी म्हणजे भाऊबंदकीही आली. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. वाटणीत विहिरीचे पाणी जसे अडते तसे कारखान्यांचेही अडते. गोदरेज घराणेही याला अपवाद राहिले नाही. ३० एप्रिल २०२४ रोजी १२७ वर्षांच्या समूहाची वाटणी जाहीर झाली. आदि आणि नादिर गोदरेज यांच्याकडे बाजारात नोंदलेल्या कंपन्या गेल्या. जमशेद गोदरेज आणि त्यांच्या भगिनी स्मिता कृष्णा यांच्याकडे गोदरेज अँड बॉइस आणि त्याबरोबर अवकाश विभाग राहिला. घराण्याची मालकी धोक्याची असू शकते, हे या वाटणीने सिद्ध होते, हे मान्य करायला हवे. मात्र दुसरी गोष्टही पाहायला हवी. वाटणी विभागांना चिरून झाली नाही. इंजिनाचा कारखाना, टूलरूम आणि त्यामागची जमीन एकाच हाती राहिली. ज्या घराण्यांनी कारखाना आणि जमीन वेगवेगळी वाटली, त्यांच्याकडे पुढे यंत्रे भंगारात गेलेली आपण पाहिली आहेत. घराणे टिकते की नाही यापेक्षा वाटणीच्या वेळी काय अखंड ठेवायचे हे घराण्याला कळते की नाही, हा खरा निकष आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचे पूर्ण उत्तर देता येत नाही. विक्रोळीची थांबण्याची ताकद म्हणजे विक्रोळीच्या जमिनीची ताकद नव्हे का? मुंबईसारख्या शहरात सुमारे तीन हजार एकर जमीन ज्याच्या नावावर आहे, त्याने दहा वर्षे थांबण्यात मोठेपणा कसला? या प्रश्नाला फक्त अर्धे उत्तर आहे. त्याच जमिनीवर खारफुटी राखली, वसाहत बांधली आणि टूलरूम चालू ठेवली. जमीन विकून निवांत होण्याचा मार्ग नेहमी मोकळा होता आणि तो या कारखान्याने घेतला नाही. पण उरलेले अर्धे उत्तर कडू आहे. भोसरी, अंबड किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या दोन-तीन सीएनसी यंत्रांच्या घरगुती वर्कशॉपपाशी विक्रोळीसारखी जमीन नाही. ओझरच्या एचएएलसाठी किंवा परदेशी कंपन्यांसाठी असे कारखानदार उत्तम कामे करतात. त्यांचे कौशल्य कमी नाही; त्यांच्याकडे थांबण्याचा पैसा नाही. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, पण तो माल स्वीकारल्यापासून मोजतो. अवकाशाच्या कामात थांबणे त्याच्या फार आधी सुरू होते: महाग धातू आणण्यात, पहिल्या नगाच्या मंजुरीत आणि चाचण्यांत. तो काळ बँकेच्या व्याजावर काढणारा कारखानदार एका नाकारलेल्या जॉबने बुडू शकतो.

म्हणून या संस्थेच्या इतिहासातून काढायचा धडा ‘गोदरेजसारखे व्हा’ असा नाही. तो सल्ला बहुतेकांना उपयोगाचा नाही. धडा असा, की अचूकतेची किंमत मायक्रॉनमध्ये मोजली जात असली तरी ती वर्षांमध्ये भरावी लागते, आणि ती वर्षे कोणाला तरी विकत घ्यावी लागतात. विक्रोळीने ती घरच्या पैशाने घेतली. रायगड जिल्ह्यातील खालापूर येथे २५० कोटी रुपये खर्चून अवकाश विभागासाठी नवा कारखाना उभारण्याचे याच कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केले, तेही त्याच हिशेबाला धरून. पण देशाला आता वर्षाला पाचपेक्षा कितीतरी जास्त इंजिने लागणार असतील, तर एका घराण्याच्या संयमावर सगळा कार्यक्रम उभा राहू शकत नाही. मोठ्या गिऱ्हाइकांनी लहान कारखानदाराला आधी धातूचा पैसा द्यावा, कामाची पाच-सात वर्षांची हमी द्यावी, आणि पहिला नग नाकारला तरी शिकण्याचा खर्च वाटून घ्यावा. जे विक्रोळीला जमिनीने दिले ते अंबडच्या कारखानदाराला कराराने मिळाले पाहिजे. लालबागच्या शेडमध्ये पहिले कुलूप करणाऱ्याकडेही सुरुवातीला जमीन नव्हती, कर्ज काढून उभे केलेले भांडवल होते. आपल्या राज्यातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये आजही असे शेड आहेत. त्यांना थांबू द्या.